त्वचेवरील वण : त्यांची उत्पत्ति आणि निगा

संस्कृतांत 'व्रण' म्हणजे जखम. हाच शब्द लोकांच्या तोंडीं झिजत झिजत मराठींत 'वण' झाला. मात्र ह्या प्रवासांत त्याच्या अर्थानें एक पाऊल पुढें टाकलें. मराठींत वण म्हणजे जखम भरून आल्यानंतर तिच्या जागीं राहिलेली खूण. शब्दाच्या ह्या अर्थांतरांत शरीरशास्त्राचें एक सत्यही सांठविलेलें आहे. जखम आणि वण हीं एकाच क्रियेचीं दोन टोंकें होत. एकाची निगा जशी घेतली जाते, तसें दुसऱ्याचें रूप ठरतें.

अंगावर एकही वण नाहीं असा मनुष्य सांपडणें कठीण. कोणाच्या गुडघ्यावर लहानपणच्या पडझडीचा, कोणाच्या बोटावर विळीचा, कोणाच्या पोटावर शस्त्रक्रियेचा वण असतो. दंडावरील क्षयप्रतिबंधक बी. सी. जी. लशीचा वाटोळा वण तर घरोघर आहे. पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळांच्या दंडावर देवी काढल्याची खूणही आढळते. हिंदुस्थानांत ही लस पहिल्यानें टोंचण्यांत आली ती मुंबईस, १४ जून १८०२ रोजीं, ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस. देवीच्या रोगानें माणसांचे चेहरे खड्ड्याखड्ड्यांच्या वणांनीं भरून जात. त्याच्या निवारणासाठीं दंडावर एकच लहानसा वण पत्करावयाचा, असा हा सौदा होता. भारतांत ह्या रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ सालीं आढळला आणि १९८० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें सर्व जगांतून त्याचें उच्चाटन झाल्याचें जाहीर केलें. तेव्हां सर्वच वण दुर्दैवाच्या खुणा असतात, असें समजण्याचें कारण नाहीं.

वण कां राहतो, हें समजण्यास त्वचेची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. त्वचेचे मुख्य थर दोन. वरचा थर कागदासारखा पातळ असून तो सतत झिजतो आणि खालून पुन्हां तयार होतो. मैदानावर खेळतांना मुलाचा गुडघा नुसता खरचटला, तर जखम ह्या वरच्या थरापुरतीच राहते आणि कांहीं दिवसांत मागमूस न ठेवतां भरून येते. त्याच्या खालचा थर जाड व चिवट असतो. तो कोलॅजन नांवाच्या प्रथिनाच्या तंतूंनीं विणलेला असून ते तंतु टोपलीच्या कामट्यांप्रमाणें एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणूनच त्वचा कोणत्याही दिशेस ओढली तरी ती फाटत नाहीं आणि सोडतांच पूर्ववत् होते. जखम ह्या खालच्या थरांत खोल गेली कीं वण राहणार, हें ठरलेलेंच.

जुन्या कपड्यास भोंक पडल्यावर कुशल कारागीर रफू करतो. रफू कितीही सफाईदार असलें तरी त्या ठिकाणची वीण मूळच्या कापडाहून वेगळी पडते. शरीराचेंही तसेंच आहे. जखम झाली कीं प्रथम रक्त गोठून तिचें तोंड बंद होतें. पुढील कांहीं दिवस तेथें सूज, उष्णता आणि वेदना जाणवते. ह्या अवधींत रक्तांतील पांढऱ्या पेशी जंतूंचा व मृत कणांचा निकाल लावीत असतात. त्यानंतर सुमारें तीन आठवड्यांपर्यंत नव्या रक्तवाहिन्या, नवे तंतु आणि वरून नवी कातडी तयार होण्याचें काम झपाट्यानें चालतें. मोडलेलें घर उभें करण्याचीच घाई असल्यामुळें हे तंतु टोपलीसारखे न विणतां एकाच दिशेनें, शेजारीं शेजारीं टाकले जातात. त्यांत केंसांचीं मुळें नसतात, घामाच्या ग्रंथीही नसतात. म्हणून वणावर केंस उगवत नाहींत आणि घामही येत नाहीं.

येथवरचें काम डोळ्यांना दिसतें. पुढें एक वर्षपर्यंत, आणि कधीं कधीं त्याहूनही अधिक काळ, जें काम चालतें तें मात्र दिसत नाहीं. घाईनें टाकलेले तंतु शरीर काढून टाकतें आणि त्यांच्या जागीं अधिक बळकट तंतु बसवितें. जादा रक्तवाहिन्याही हळूहळू नाहींशा होतात. त्यामुळें आरंभीं तांबूस, कठीण आणि खाजणारा वण कालांतरानें फिका, मऊ आणि सपाट होत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांत वण सर्वांत कुरूप दिसतो, आणि नेमक्या त्याच वेळीं घरांतील माणसें घाबरून नाना प्रकारचे उपाय सुरू करतात. वणाचें खरें रूप वर्षभरानें पाहावें, हें ज्ञान असेल तर पुष्कळ काळजी आणि तितकाच खर्च वांचेल.

बळाच्या बाबतींतही ही मंदगति ध्यानांत ठेवावी. तीन आठवड्यांनीं नव्या जोडाची बळकटी मूळ त्वचेच्या एक-पंचमांशाच्या आसपासच असते. तीन महिन्यांनीं ती शेंकडा ८० पर्यंत पोंचते. परंतु पूर्ण शंभर ती कधींच होत नाहीं. टांके निघाले म्हणजे सर्व आटोपलें, असें मानून पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच पाण्याच्या घागरी उचलणें किंवा जड ट्रंका सरकविणें धोक्याचें कां, ह्याचें उत्तर ह्या आंकड्यांत आहे.

एकदां भरलेला वण म्हणजे मेलेली जागा, अशीही पुष्कळांची समजूत असते. ती किती चुकीची आहे हें इंग्लंडच्या आरमारांतील एका घटनेवरून दिसून येईल. कमोडोर जॉर्ज ॲन्सन हा १७४० सालीं पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला असतां त्याच्या जहाजांवर स्कर्व्ही रोगानें थैमान घातलें. त्याच्या 'सेंच्युरियन' जहाजावर एक वृद्ध मनुष्य होता. तो आयर्लंडांतील बॉईनच्या लढाईंत, म्हणजे १६९० सालीं, जखमी झाला होता. त्या जखमा तेव्हांच भरल्या होत्या आणि पुढें पन्नास वर्षें तो धडधाकट होता. परंतु स्कर्व्ही होतांच त्याचे ते जुने वण उकलले आणि जणूं कधीं भरल्याच नव्हत्या अशा त्या जखमा पुन्हां उघड्या पडल्या. ह्या सफरीच्या १७४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत ही हकीगत नमूद आहे. तिचें कारण आज कळतें. वणांतील कोलॅजन सारखें झिजत असतें आणि सारखें नवें होत असतें. हें नवें कोलॅजन घट्ट विणण्यास 'क' जीवनसत्त्व अवश्य लागतें, आणि महिनोन्महिने ताजीं फळें व भाजी न मिळालेल्या खलाशांच्या शरीरांत तें उरलें नव्हतें. पन्नास वर्षांचा वणसुद्धां रोजच्या अन्नावर जगत असतो. जखमी किंवा शस्त्रक्रिया झालेल्या माणसास आवळा, पेरू, लिंबू, तसेंच डाळी, दूध, अंडीं असें प्रथिनयुक्त अन्न द्यावें तें ह्याच कारणास्तव. 'जखम चिघळेल' म्हणून डाळ व दूध बंद करण्याचा प्रघात अजूनही कोठें कोठें दिसतो. तो सर्वस्वीं टाकाऊ आहे.

चांगला वण कोणता, ह्याचा विचार आपल्याकडे फार प्राचीन काळीं झालेला आहे. जखम उत्तम भरली असें केव्हां म्हणावें, हें सांगतांना सुश्रुतानें तींत गांठ नसावी, सूज नसावी, वेदना नसावी, तिचा रंग त्वचेसारखा असावा आणि ती आसपासच्या त्वचेशीं समतल असावी, अशीं लक्षणें दिलीं आहेत. व्रणाचे जे साठ उपक्रम तो सांगतो, त्यांत पांढऱ्या पडलेल्या वणास काळसर करण्याचे आणि काळ्या वणास उजळ करण्याचे उपचारही येतात. १९९० सालीं कॅनडांतील व्हँकुव्हर येथील तज्ज्ञांनीं वण मोजण्याची जी पद्धति बसविली, तींत रंग, रक्ताची लाली, मऊपणा आणि उंची ह्या चार गोष्टींना गुण दिले जातात. रंग आणि समतलता ह्या दोन कसोट्या दोन्हींकडे समान असाव्या, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

वणांच्या मुख्य जाती पांच सांगतां येतील. पहिला साधा, सपाट वण. दुसरा खोलगट, मुरुमांचे आणि कांजिण्यांचे वण ह्या जातीचे होत, कारण तेथें कोलॅजन कमी पडलेलें असतें. तिसरा उंचवट्याचा, त्यांत कोलॅजन जादा झालेलें असतें, पण तो वण मूळ जखमेची सीमा ओलांडीत नाहीं आणि कालांतरानें बहुधा बसूं लागतो. चौथा केलॉइड. जाँ-लुई आलिबेर ह्या फ्रेंच वैद्यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्यास हें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेंकड्याची नांगी असा आहे. नांगी पसरावी तसा तो जखमेची हद्द ओलांडून निरोगी त्वचेंत पसरतो आणि आपणहून बसत नाहीं. छातीचा मध्यभाग, खांदे, पाठीचा वरचा भाग आणि कानाची पाळी हीं त्याचीं आवडतीं ठिकाणें. सांवळ्या वर्णाच्या लोकांत तो अधिक आढळतो आणि पुष्कळ वेळां घराण्यांत चालत येतो. ज्या घरांत तो आहे तेथें कान टोंचणें असेल तर तें लहानपणींच टोंचावे, कारण वयांत आल्यावर टोंचलेल्या कानांवर गांठ येण्याचा संभव अधिक असतो. हौसेनें नव्या ठिकाणीं टोंचून घेण्यापूर्वीं तर दोनदां विचार करावा. पांचवी जात आंखडणाऱ्या वणाची. ती भाजल्यानें होते आणि तिचें महत्त्व सर्वांत अधिक असल्यामुळें तिचा विचार पुढें स्वतंत्र केला आहे.

वण कोठें आणि कोणत्या दिशेनें पडला, ह्यावरही बरेंच अवलंबून असतें. ऑस्ट्रियांतील शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल लांगर ह्यानें मृत देहांच्या त्वचेस गोल टोंकाच्या आरीनें छिद्रें पाडलीं, तेव्हां तीं गोल न राहतां लांबट झालीं. त्यांच्या दिशा जुळवून त्यानें १८६१ सालीं त्वचेवरील ताणाच्या रेषांचा नकाशाच प्रसिद्ध केला. ह्या रेषांना धरून दिलेला छेद बारीक रेघ ठेवून भरतो. त्यांना आडवा गेलेला छेद रुंद होतो. आजही शस्त्रवैद्य शक्य तेथें असल्या रेषांचा विचार करूनच छेद देतात.

शस्त्रवैद्य वण पुसून टाकतो, असा समज मात्र कोणी बाळगूं नये. तो वणाची दिशा बदलतो, त्याची जागा बदलतो, त्यास सुरकुतींत किंवा केंसांत लपवितो. ह्याचें एक जुनें उदाहरण पुण्याजवळचें आहे. टिपूशीं १७९२ सालीं झालेल्या युद्धांत कावसजी नांवाचा इंग्रज फौजेकडील एक गाडीवान कैद झाला आणि त्याचें नाक कापण्यांत आलें. पुढें पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातींतील एका कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवें नाक बसविलें. हा वृत्तांत चित्रासह लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मासिकांत ऑक्टोबर १७९४ मध्यें छापला गेला आणि त्यावरून स्फूर्ति घेऊन जोसेफ कार्प्यू ह्यानें १८१४ सालीं लंडन येथें तीच शस्त्रक्रिया केली. कावसजीस नाक मिळालें. त्याच्या बदल्यांत कपाळावर वण घ्यावा लागला.

आतां निगा. तिचा आरंभ जखम होतांच होतो. साधी जखम स्वच्छ वाहत्या पाण्यानें धुवावी, धनुर्वाताच्या टोंचणीविषयीं वैद्यास विचारावें आणि जखम झांकून ठेवावी. 'उघडी ठेवा, वारा लागूं द्या, खपली धरूं द्या' ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु १९६२ सालीं जॉर्ज विंटर ह्या संशोधकानें डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखविलें कीं, झांकून ओलसर राखलेल्या उथळ जखमांवर नवी कातडी सुमारें दुप्पट वेगानें येते. कोरड्या खपलीखालीं नव्या पेशींना वाट शोधीत खोल जावें लागतें. ओलाव्यांत त्या सरळ सरकतात. खपली नखानें काढणें किंवा मुरूम पिळणें म्हणजे भरत आलेली जखम पुन्हां नवी करणें होय.

भाजण्याच्या बाबतींत पहिल्या वीस मिनिटांचें मोल फार मोठें आहे. रांगणाऱ्या मुलानें चहाचा पेला ओढून अंगावर घेतला, न्हाणीघरांत कढत पाण्याची बादली लवंडली, असे प्रसंग सुशिक्षित घरांतही घडतात. अशा वेळीं भाजलेला भाग साध्या गार वाहत्या पाण्याखालीं वीस मिनिटें धरावा. अंगठी, बांगड्या, कडदोरा लगेच काढावा. त्वचेस चिकटलेलें कापड मात्र ओढूं नये. बर्फ लावूं नये. तूप, शाई, हळद, दांत घासण्याची पेस्ट ह्यांपैकीं कांहींही लावूं नये. त्यानें उष्णता आंत कोंडते आणि भाजलें किती खोल हें वैद्यास दिसेनासें होतें. स्वच्छ ओल्या फडक्यानें झांकून रुग्णालयांत न्यावें. जी भाजलेली जखम तीन आठवड्यांत भरत नाहीं, ती उंच आणि आंखडणारा वण मागें ठेवण्याचा संभव पुष्कळ असतो. म्हणून अशा जखमेवर अन्य ठिकाणची कातडी बसविण्याचा सल्ला वैद्यांनीं दिला तर भिऊन तो टाळूं नये.

भाजलेल्या मुलास कोपर दुमडून, हनुवटी छातीकडे झुकवून पडण्यांत आराम वाटतो, आणि मायेपोटीं घरचीं माणसें त्यास तसेंच पडूं देतात. परंतु ज्या स्थितींत आराम, त्याच स्थितींत वण आंखडतो, हा भाजलेल्या सांध्यांचा कठोर नियम आहे. मानेखालची उशी काढून टाकणें, कोपर सरळ ठेवणारी पट्टी बांधणें, रोज ठरलेला व्यायाम करविणें, ह्या गोष्टी त्या वेळीं निष्ठुर वाटतात. त्या टाळल्या तर वर्षभरानें हनुवटी छातीशीं जखडलेली किंवा बोटें तळहातास चिकटलेलीं आढळतात. वाढत्या मुलाचें हाड वाढतें, पण वण त्याच्याबरोबर तितका वाढत नाहीं. म्हणून अशा मुलाची तपासणी वाढ पुरी होईपर्यंत चालू ठेवावी.

जखम पूर्ण भरल्यावर वणाची निगा सुरू होते. पहिली गोष्ट उन्हापासून रक्षण. नव्या वणास ऊन लागलें म्हणजे तो काळा पडतो आणि तो काळेपणा दीर्घकाळ टिकतो. पहिलें वर्षभर तो कापडानें झांकावा, किंवा 'सनस्क्रीन' म्हणून मिळणारें ३० अथवा त्याहून अधिक गुणांकाचें मलम लावावें. दुसरी गोष्ट मर्दन. टांके निघून जखम घट्ट झाल्यावर, म्हणजे साधारणतः दोन-तीन आठवड्यांनंतर वैद्याच्या संमतीनें, साधें तेल किंवा व्हॅसलीन बोटास लावून दिवसांतून दोन-तीन वेळां पांच-दहा मिनिटें वण हळुवार चोळावा. त्यानें वण मऊ राहतो आणि खाज कमी होते. तिसरी गोष्ट सिलिकोनची पट्टी किंवा लेप. १९८० नंतरच्या दशकांत हा उपाय प्रचारांत आला. दिवसाचे बारा तास किंवा अधिक, निदान दोन-तीन महिने, असा नेम पाळला तर उंच होऊं पाहणाऱ्या वणास ती आवर घालूं शकते. मोठ्या भाजलेल्या वणांसाठीं अंगाबरोबर मापून शिवलेले दाबाचे कपडे दिवसरात्र, स्नानापुरते काढून, कित्येक महिने घालावे लागतात. ह्या सर्व उपायांचें मर्म एकच, आणि तें म्हणजे नेमस्तपणा. चार दिवस लावून पांचव्या दिवशीं कपाटांत ठेवलेली महागडी पट्टी निरुपयोगीच.

जाहिरातींतील 'वण समूळ नाहींसा' करणाऱ्या मलमांवर भरंवसा ठेवूं नये. खोल वण समूळ नाहींसा करणारें औषध आजवर निघालेलें नाहीं. 'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्या फोडून लावण्याची पद्धत बरीच रूढ आहे. तिच्यापासून निश्चित लाभ सिद्ध झालेला नाहीं, उलट कित्येकांच्या त्वचेस तिनें पुरळ उठतो. लिंबाच्या रसानें कोंवळी कातडी जळते आणि त्यावर ऊन लागल्यास अधिकच काळी पडते.

तज्ज्ञाकडे केव्हां जावें, हेंही ठाऊक असावें. वण जखमेबाहेर पसरूं लागला, सांध्याची हालचाल अडूं लागली, किंवा तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतरही तो वाढतच राहिला, तर वाट पाहूं नये. केलॉइडमध्यें औषधाची सुई टोंचणें हा नेहमींचा उपचार असून तो कांहीं आठवड्यांच्या अंतरानें अनेकदां करावा लागतो. केलॉइड नुसता कापून काढला तर तो बहुधा पुन्हां येतो आणि पहिल्याहून मोठाही होतो. म्हणून गल्लीबोळांतल्या दुकानांत तो 'कापून' किंवा 'जाळून' घेण्याच्या मोहांत पडूं नये. कित्येक वर्षांच्या जुन्या, विशेषतः भाजलेल्या वणावर नवी जखम होऊन ती भरेनाशी झाली, तर ती विनाविलंब तपासून घ्यावी. क्वचित् प्रसंगीं तेथें कर्करोगाचा उद्भव होतो.

शेवटीं एक गोष्ट वैद्यकाबाहेरची. आपल्या भाषेंत त्वचेवरच्या खुणेस 'डाग' म्हणतात आणि चारित्र्यावरील काळिम्यासही 'डाग'च म्हणतात. शब्द एक झाल्यामुळें विचारही एक झाला आहे. चेहऱ्यावर भाजल्याची खूण असलेल्या मुलीस पाहुण्यांसमोर येऊं न देणें, शाळेच्या छायाचित्रांत मागच्या रांगेंत उभें करणें, येतां-जातां 'आतां हिचें कसें होणार' म्हणून उसासे टाकणें, हे प्रकार घरांतलींच, मायेचींच माणसें करतात. ज्या वणास मलम आहे त्यास मलम लावावें, ज्यास शस्त्रक्रिया आहे त्यावर ती करवावी. परंतु ह्या उसाशांनीं मुलीच्या मनावर जो दुसरा वण उमटतो, त्यास सुश्रुताच्या साठ उपक्रमांतही उपाय नाहीं. तो न उमटूं देणें मात्र प्रत्येक घराच्या हातीं आहे. त्वचेवरील वण शरीराच्या पराभवाची नव्हे, त्यानें केलेल्या दुरुस्तीची खूण आहे. घर अर्धें पडलें असतां ज्यानें तें पुन्हां उभें केलें, त्या कारागिराच्या हातची ती वीण होय. ती थोडी जाडीभरडी असेल. पण तिच्यामुळेंच घर उभें आहे.